समारंभ उत्साहात पार पडला

घारी आपल्या गावात उतरली तेव्हा खुनाचा निकाल लागून गेला होता. कोर्टात नव्हे, स्टँडवर. टॅक्सीवाल्यानं तिची बॅग डिकीत ठेवता ठेवता सांगून टाकलं, "शिंप्यानं मारलं. इस्त्रीनं. डोक्यात." वर "माणूस चांगला होता हो" असंही म्हणाला. ते मेलेल्याबद्दल की मारणाऱ्याबद्दल, हे काही तिला कळलं नाही.

शहरातल्या मोठ्या पेपरात घारीचा दबदबा होता. तिथं लोक तिला आडनावानं आणि जरा बिचकतच हाक मारत. इथं मात्र डोळ्यांच्या रंगावरून पडलेलं नाव ती आजी झाली असती तरी सुटलं नसतं. आईवडील गेल्यावर तिला मामानं वाढवलं. मामा म्हणजे इथल्या चार पानी दैनिकाचा संपादक, बातमीदार आणि जाहिराती गोळा करणारा, सगळं एकाच अंगरख्यात. ती त्याला मामा म्हणायची म्हणून हळूहळू सगळं गावच मामा म्हणू लागलं. त्यात त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही होती.

मामा दारातच उभा होता. घारीनं हात हलवला, पण ती पायरीशी येऊन "मामा" म्हणाल्यावरच त्यानं ओळख दाखवली. मग मात्र तोंडभर हसला, तिची बॅग ओढून घेतली आणि उंबऱ्याला ठेच खाल्ली. चहा ओतताना कप भरून बशीत आणि बशीतून टेबलावर गेला.

"किटली बदलायला झालीय," मामा म्हणाला.

घारीला हसू आलं. मामा म्हातारा झालाय, एवढंच तिच्या मनात आलं. दुसऱ्यांच्या घरात तिला पडद्यामागचं दिसायचं, पण स्वतःच्या घरात नजर जरा सैलच सोडतो माणूस.

खून झाला होता थिएटरच्या मालकाचा. थिएटर बंद पडून जमाना लोटला होता, पण मालकानं ते विकलं नव्हतं. रोज संध्याकाळी आत जाऊन तो रिकाम्या खुर्च्यांवरची धूळ झटकायचा. जुन्या तिकिटघरात शिंपी बसायचा. जिथून एके काळी तिकिटं मिळायची त्याच खिडकीतून आता लोकांना शिवलेले कपडे मिळायचे. मालक आणि शिंपी यांचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. कधी दिवा जळत ठेवला म्हणून, कधी चिंध्या उडाल्या म्हणून. त्या दिवशी सकाळीही वाजलं होतं, आणि शिंपी भर चौकात म्हणाला होता, "एक दिवस डोकं फोडीन तुमचं." संध्याकाळी बाल्कनीच्या जिन्याखाली मालक पडलेला सापडला. शेजारी शिंप्याची जड इस्त्री होती.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे डोकं फोडणं," शिंपीकाकू म्हणाल्या. घारी सामान टाकून आधी त्यांच्याकडेच गेली होती. तिच्या शाळेचे सगळे फ्रॉक याच घरात शिवलेले, आणि तेही वाढत्या अंगाचे म्हणून दोन वर्षं आधीपासून मोठे. "भांडून झालं की दोघं एकाच डब्यातलं जेवायचे. मालकांना घरी होतं कोण? पुतण्या तेवढा, आणि तो यायचा तो थिएटर विका म्हणायला. हे विचारायचे, 'विकलं तर मी कुठं बसू?' तर मालक म्हणायचे, 'माझ्या डोक्यावर बस, नाहीतरी बसलाच आहेस.'"

"त्या संध्याकाळी काका कुठं होते?"

"माप घ्यायला गेले होते नदीपलीकडे. त्या घराला कुलूप. परत आले. कोणी पाहिलं नाही की भेटलं नाही." काकूंनी पदराला डोळे पुसले. "शुक्रवारी मोठ्या तुरुंगात नेणारेत म्हणे. पोरी, त्यांचा दमा तुला माहीत आहे. रात्री उशाला तीन उशा लागतात. तिथं कोण देणार तीन उशा? हे परत यायचे नाहीत बघ."

माणूस निर्दोष आहे असं वाटणं ही बातमी नसते, हे घारीला कळत होतं. पण तिला तसं वाटत होतं, अगदी आतून वाटत होतं.

इन्स्पेक्टर नुकताच बदलून आलेला. टेबल चकचकीत, बोलणं सरळ. दांडगाई करणाऱ्यांतला नव्हता तो, आणि म्हणूनच घारीला जास्त धास्ती वाटली. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"मॅडम, मी पुतण्याकडंही बघितलं," तो म्हणाला. "फायदा त्याचाच आहे, ते न कळायला मी दूधखुळा नाही. पण त्या संध्याकाळी तो वाचनालयात होता. बुद्धिबळाच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुणा तोच."

"कोण म्हणतं?"

इन्स्पेक्टरनं खणातून पेपर काढून तिच्यापुढं सरकवला. तिसरं पान, डावीकडं खाली. "पेपर म्हणतो. तुमच्या मामांचा पेपर. गावात आल्यापासून ऐकतोय मी, मामांनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्याहून मोठा साक्षीदार कुठून आणू?"

घारीनं बातमी वाचली. पुतण्याच्या हस्ते विजेत्या नर्सबाईंना ढाल देण्यात आली, त्यांनी मोजक्या पण मार्मिक शब्दांत मार्गदर्शन केलं, समारंभ उत्साहात पार पडला. मामानं लिहिलं असेल तर पुतण्या तिथंच होता, आणि मग काकांना वाचवणारं कोणीच उरत नव्हतं.

तरीही ती वाचनालयात गेली. वाचनालयाचे चिटणीस वर्तमानपत्रं अडकवायच्या काठ्या सारख्या करत होते. पाहुणे आले होते का, असं तिनं विचारलं.

"आले होते ना," चिटणीस लगबगीनं म्हणाले. "मोजक्या पण मार्मिक शब्दांत मार्गदर्शन केलं."

"काय म्हणाले?"

चिटणीसांनी एक काठी उगाचच काढून पुन्हा लावली. "म्हणजे... मार्मिकच होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाचनालयाला नवी खोली बांधून देणारेत ते. तुम्ही पेपर वाचलाय ना? मग त्यात सगळं आहे."

हे मार्मिक शब्द घारीच्या ओळखीचे होते. मामाच्या पेपरात आजवर एकही पाहुणा अघळपघळ किंवा रटाळ बोललेला नव्हता. सगळे मोजकेच बोलत आणि मार्मिकच बोलत. चिटणीसांना आठवत होतं ते ऐकलेलं नव्हे, वाचलेलं. तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

स्पर्धा जिंकलेल्या नर्सबाई जवळच राहायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी औषधांऐवजी प्यादी मांडायला घेतली होती, आणि गावातले भलेभले पुरुष त्यांच्यापुढं बसायला कचरत. ढाल फ्रिजवर ठेवलेली होती.

"आले होते की पाहुणे," नर्सबाई म्हणाल्या. "छापून आलंय."

"ही ढाल तुमच्या हातात कोणी दिली?"

"चिटणीसांनी." असं म्हणून त्या थांबल्या. फ्रिजवरच्या ढालीकडं बघत राहिल्या. "खरंच की. चिटणीसांनीच दिली. पाहुण्यांची वाट बघून बघून सगळे कंटाळले, मला सुनेला घ्यायला जायचं होतं, मग त्यांनी दिली आणि मी निघाले. दुसऱ्या दिवशी पेपर पाहिला आणि म्हटलं, मी गेल्यावर आले असतील."

"ढाल तुमच्याबरोबर गेली. मग त्यांनी दिली काय?"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "माझं बाई लक्षच गेलं नाही. फोटोखाली माझं नाव बरोबर छापलंय का, एवढंच बघितलं मी."

फोटोत नर्सबाई एकट्याच होत्या, पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ. तो त्यांनी स्पर्धेच्या आधीच नेऊन दिला होता. यंदाही आपणच जिंकणार, याची त्यांना खात्री होती आणि मामालाही.

थिएटरच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी पेट्रोलपंप होता. तिथल्या माणसाला घारीनं आडून आडून विचारलं. तो नळी जागेवर अडकवत म्हणाला, "ताई, हसाल मला. त्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला पुतण्यासाहेबांची गाडी गल्लीत वळताना दिसली होती मला. म्हटलंसुद्धा पोराला, साहेब आज काकांकडं. पण दुसऱ्या दिवशी पेपर वाचला तर साहेब वाचनालयात. म्हटलं, आपल्याच नजरेचा घोटाळा. पोलिसांपुढं कशाला शोभा करून घ्यायची?"

घारी त्याला हसली नाही. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मामावर विश्वास ठेवणारा हा तिला त्या दिवशी भेटलेला तिसरा माणूस होता. चौथी ती स्वतः होती.

गोष्ट आता तिच्या लक्षात आली होती. नीट सांगायची तर ती मामाच्या धंद्याची गोष्ट आहे. त्याचा पेपर छापला जायचा दुसऱ्या गावात. तिथं मोठ्या पेपरांची छपाई रात्री चाले, म्हणून या बारक्याची पानं दुपारीच मागवून लावून ठेवत आणि मोठ्यांच्या आधी छापून टाकत. गावातले समारंभ मात्र सगळे संध्याकाळी. मग मामा काय करायचा, तर दुपारीच बातमी लिहून टाकायचा. निमंत्रण हातात असायचं, पाहुणे ठरलेले असायचे, हार कोण घालणार हेही ठरलेलं असायचं. टाळ्या कुठल्याही समारंभात पडतातच. संध्याकाळी तो स्वतः जाऊन बसायचा, आणि काही इकडंतिकडं झालं तर छापखान्यात फोन करून ओळ बदलायचा. घारी लहान असताना त्याच्या मांडीवर बसून असे किती समारंभ पाहून आली होती. "आपण लिहिलं तसंच होतंय का, ते बघायचं," असं तो तिच्या कानात सांगायचा. तिला तेव्हा वाटायचं, मामा लिहितो म्हणून गावात गोष्टी होतात.

म्हणजे चूक लिहिण्यात नव्हती. त्या दिवशी मामा बघायला गेला नव्हता.

मामा कचेरीत खिडकीशी बसला होता. समोर उद्याचं पान, आणि पानाला नाक लागेल इतकी मान खाली. घारी आल्याचं त्याला कळलं नाही. ती उभी राहून बघत राहिली. पायरीशी हाक मारेपर्यंत न ओळखणं, उंबऱ्याची ठेच आणि किटलीला दिलेला दोष तिला एकदम आठवला, आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. ती रागावूनच आली होती.

"मामा, किती दिवस दिसत नाहीये तुला?"

मामानं मान वर केली. आधी तो म्हणाला, कोण म्हणतं दिसत नाही. मग म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. घारी काहीच बोलली नाही. तिला ही युक्ती त्यानंच शिकवली होती. समोरचा खोटं बोलत असेल तर आपण गप्प बसायचं, त्यालाच ते जड होतं.

"दिवसा चालतं," अखेर मामा म्हणाला. "अंधारून आलं की सगळं घोंगडीखाली जातं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. पेपरच्या मालकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी नमस्कार करून घरी बसवेल. तुला सांगितलं असतं तर तू शहरात नेऊन ठेवलं असतंस, आणि मी तिथं गॅलरीत बसून काय करणार? म्हणून संध्याकाळी जाणं बंद केलं. म्हटलं, समारंभ काय, ठरल्यासारखे होतात."

"हा झाला नाही. पुतण्या आलाच नव्हता, मामा. आणि शिंपीकाकांना शुक्रवारी नेतायत."

मामाला कळायला वेळ लागला नाही. या गावात त्याच्याइतकी बातमी कोणालाच पटकन कळत नसे. त्याचा चेहरा उतरला आणि तो टेबलाची कड धरून बसला. घारीला वाटलं, आपण हे दुसऱ्या कोणाकडून तरी सांगायला हवं होतं. पण दुसरं कोण होतं?

"माझ्या सदऱ्याची कॉलर उलटी करून द्यायचा तो," मामा म्हणाला. "नवा शिवा म्हणायचा नाही. म्हणायचा, मामा, अजून चालेल." मग त्यानं विचारलं, "तू लिहिणार असशील ना? तुझ्या पेपरात?"

"माझ्या संपादकाला आवडेल ही बातमी. गावच्या पेपरानं खुन्याला वाचवलं. पहिल्या पानावर घेतील."

"मग लिही. नातं मधे आणू नकोस. तुला शिकवलंय मी."

"लिहीन. पण त्याआधी तू स्वतः पोलिसांना सांगितलंस, असं मला लिहायचंय."

ती दोघं भर दुपारी पोलीस चौकीत गेली. मामा पुढं आणि घारी अर्धं पाऊल मागं, हात न धरता. आयुष्यभर ज्या चौकीत लोक त्याला खुर्ची पुढं करत होते, तिथं मामा उभ्यानंच बोलला. "त्या समारंभाला मी गेलो नव्हतो. बातमी दुपारी लिहिली. मला संध्याकाळी दिसत नाही. पुतण्या तिथं होता, असं मी लिहिलं, पण ते मी पाहिलेलं नाही."

इन्स्पेक्टरनं सावकाश पेन उचललं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं घारीला वाटलं. तो फक्त म्हणाला, "मामा, मी तुमच्या भरवशावर एका माणसाला आत बसवलंय."

"म्हणून तर आलो," मामा म्हणाला.

मग एकेक टाका उसवत गेला. नर्सबाई स्वतःहून आल्या आणि ढालही घेऊन आल्या. तिची कोणाला गरज नव्हती, पण पुरावा म्हणून ठेवून गेल्या. पंपावरच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर पुन्हा विश्वास बसला. चिटणीसांनी नव्या खोलीवर पाणी सोडलं आणि तोंड उघडलं. पुतण्या आधी पेपर दाखवत राहिला. त्यानं त्या दिवशी येत नसल्याचा साधा निरोपही दिला नव्हता. संध्याकाळ हातातून निसटली होती आणि सकाळी तिसऱ्या पानावर त्याला आयता आसरा छापून मिळाला होता. पेपरवाल्यानंच हात वर केले म्हटल्यावर मात्र तो ढेपाळला. काका थिएटर विकत नाही म्हणाले, शब्दाला शब्द वाढला, तिकिटघर उघडंच होतं, इस्त्री हाताशी होती. मारायला गेलो नव्हतो, असं तो रडत म्हणाला. कदाचित तेही खरं असेल.

शुक्रवारी दुपारी मामा कचेरीत येरझाऱ्या घालत घारीला मजकूर सांगत होता. आधी दुरुस्ती. पहिल्या पानावर, चौकटीत, स्वतःच्या नावानिशी. काहीही न झाकता त्यानं ती सांगितली, आणि शेवटी 'डोळ्यांमुळे संपादक यापुढे संध्याकाळच्या बातम्या लिहिणार नाहीत' हेही घालायला लावलं. पेपरच्या मालकाचा फोन येऊन गेला होता. पुढचं काय ते महिनाअखेर बघू, एवढंच तो म्हणाला होता.

"आता दुसरी," मामा म्हणाला. "घे. 'शिंपी सुखरूप घरी परतले. चौकीबाहेर नागरिकांनी गर्दी केली होती. पत्नीच्या डोळ्यांत आनंदाश्रू...'"

घारीनं पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"मामा, काका अजून आत आहेत. कागदपत्रं व्हायची आहेत. संध्याकाळी सोडतील."

"सोडणार म्हणजे सोडणारच. पानं आत्ता जायला हवीत, घारे. नाहीतर परवाच्या अंकात..." आणि मग तो थांबला. खुर्ची चाचपून खाली बसला. त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "खोड जात नाही बघ."

"परवाच्या अंकात येऊ दे," घारी म्हणाली. "आज बघायला जाऊ."

दिवस कलताना दोघं चौकीसमोर जाऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी मामा या वेळेला घराबाहेर होता. त्यानं घारीचा दंड घट्ट धरला होता आणि मान उंच करून अंधाराकडं बघत होता. गर्दी वगैरे काही नव्हती. पंपावरचा माणूस होता, नर्सबाई होत्या आणि शिंपीकाकू होत्या. ज्यांनी निकाल आधी दिला होता ते सगळे घरीच बसले होते.

"आला का?" मामानं विचारलं.

"नाही अजून."

"आता?"

"दार उघडलं. आले. इन्स्पेक्टर दारापर्यंत आलेत सोडायला."

"कसा दिसतोय? नीट सांग."

घारी सांगू लागली. काका वाळलेत. दाढी वाढलीय. पायरीवर दम खायला थांबलेत. त्यांच्या सदऱ्याची बटणं एकेक घर चुकलीत, एक टोक वर आणि एक खाली. काकू पुढं गेल्या आहेत. मिठी नाही, रडणं नाही. त्या आधी सगळी बटणं सोडतायत, आता पुन्हा लावतायत, वरून खाली. काका लहान मुलासारखे हात बाजूला धरून उभे आहेत.

मामाची दंडावरची पकड सैल झाली.

"बटणं चुकलेली? त्याची?"

"हो."

"बघ," मामा म्हणाला. "हे काही मला दुपारी सुचलं नसतं."

शिंप्याला मामा दिसला असावा. काकूंचा हात सोडून तो रस्ता ओलांडून आला आणि मामासमोर उभा राहिला. मामाला कोणीतरी जवळ आल्याचं तेवढं कळलं. तो काही बोलणार, तोवर शिंप्यानं त्याची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली.

"मामा," शिंपी धापा टाकत म्हणाला, "ही आता नाही चालायची. उद्या येऊन माप द्या."